निरोप्याने निर्णय घेऊ नये

मध्यम आकाराच्या कुठल्याही संस्थेत दहा वेगवेगळी सॉफ्टवेअर सहज सापडतात. पगाराचं एक, साठ्याचं दुसरं, हिशेबाचं तिसरं. प्रत्येक सॉफ्टवेअर उरलेल्या सगळ्यांशी थेट जोडायचं म्हटलं तर 45 जोडण्या होतात. वीस असतील तर 190. एकात बदल केला की त्याला जोडलेल्या सगळ्यांना हात लावावा लागतो. हा गुंता सोडवणं हे माझं रोजचं काम. त्यावरचा रुळलेला उपाय म्हणजे मध्ये एक संदेश-केंद्र, आमच्या बोलीत ब्रोकर, बसवणं. निरोप तिथे द्यायचा, तिथूनच घ्यायचा. दहा सॉफ्टवेअरना दहाच जोडण्या पुरतात.

मुंबईत जन्मलेल्या विवेक रणदिवे यांनी 1980च्या दशकात वॉल स्ट्रीटवरच्या पेढ्यांसाठी ‘इन्फर्मेशन बस’ उभी केली. भाव एकदाच प्रसिद्ध करायचा आणि ज्यांनी नाव नोंदवलंय त्या सगळ्यांपर्यंत तो पोचायचा. 1993 मध्ये आयबीएमचं एमक्यूसीरीज आलं. पलीकडची यंत्रणा बंद असली तरी त्यात निरोप रांगेत सुरक्षित थांबे. 2003 मध्ये ग्रेगॉर होपे आणि बॉबी वुल्फ यांनी अशा जोडणीचे 65 आकृतिबंध पुस्तकात नावानिशी मांडले आणि आमच्या क्षेत्राला एक सामाईक बोली मिळाली.

पुढे मात्र केंद्रावर नको तेवढा भार पडला. ‘एंटरप्राइझ सर्व्हिस बस’ नावाच्या केंद्रांच्या काळात अनेक ठिकाणी सवलत कोणाला द्यायची, मंजुरी कोणाची लागेल, असे धंद्याचे नियमही केंद्रातच लिहिले गेले. लहानसहान बदलही एकाच टीमच्या दारात अडकू लागले आणि ज्या विभागाचा नियम, त्यालाच तो दिसेनासा झाला.

केंद्राने आपली मर्यादा कशी पाळावी, हे 2016 मध्ये सुरू झालेल्या यूपीआयमध्ये पाहावं. बँकांच्या मधोमध एनपीसीआय ही संस्था केंद्र म्हणून आहे. खात्यात शिल्लक आहे का, पिन बरोबर आहे का, हे मात्र पैसे देणाऱ्याची बँक ठरवते. केंद्र निरोप योग्य बँकेकडे नेतं, उत्तर परत आणतं आणि नोंद ठेवतं.

ही नोंद फार मोलाची. पैसे वळते झाले, पण तसं सांगणारं उत्तर वाटेत हरवलं, तर नोंदीशिवाय विचारणाऱ्याला खरं काय झालं ते कळत नाही आणि तो तीच विनंती पुन्हा पाठवतो. म्हणून प्रत्येक संदेशाला स्वतःचा क्रमांक हवा आणि तोच क्रमांक पुन्हा आला तर घेणाऱ्याने काम दुसऱ्यांदा न करता आधीचंच उत्तर द्यायला हवं.

पोचवता न आलेले संदेश ‘डेड लेटर क्यू’मध्ये बाजूला पडतात. मी तिथे रोज डोकावतो. एका संस्थेत पगाराचे काही संदेश तिथे येत राहिले. उघडून पाहिले तर खाते क्रमांक एका अंकाने आखूड. पगाराचं सॉफ्टवेअर खाते क्रमांक मजकूर म्हणून न पाठवता संख्या म्हणून पाठवत होतं, त्यामुळे सुरुवातीचं शून्य गळत होतं. ‘केंद्रातच शून्य जोडा की,’ अशी सूचना आली. मी ठाम नकार दिला. खाते क्रमांकाची लांबी बँकेगणिक वेगळी असते; केंद्राने अंदाजाने अंक भरले तर पगार भलत्याच खात्यात जाऊ शकतो. दुरुस्ती पगाराच्या सॉफ्टवेअरमध्येच झाली.

लिंक्डइनमध्ये तयार होऊन 2011 मध्ये सर्वांसाठी खुल्या झालेल्या काफ्का या संदेश-प्रणालीनेही हीच शिस्त पाळली. तिच्या तीन निर्मात्यांपैकी नेहा नारखेडे पुण्याच्या. काफ्का संदेश क्रमाने लिहून ठेवते. कोणी कुठपर्यंत वाचलं, हे वाचणाराच नोंदवतो.

म्हणून नव्या कामाच्या पहिल्याच बैठकीत मी प्रत्येक नियमाबद्दल विचारतो, हा चुकला तर जाब कोण देणार? ज्याच्याकडे उत्तरदायित्व, त्याच्याच सॉफ्टवेअरमध्ये तो नियम राहावा. योग्य पत्त्यावर पोचवणं, एका सॉफ्टवेअरच्या साच्यातून दुसऱ्याच्या साच्यात रूपांतर आणि नोंद एवढी तीन कामं केंद्राने चोख केली, तर वीस वर्षांपूर्वीची प्रणालीसुद्धा कालच्या अॅपशी बिनबोभाट बोलू शकते.