आयदान विणणाऱ्या आईची लेक: इतिहासकार उर्मिला पवार

१/ इतिहासकार म्हटले की डोळ्यांसमोर दप्तरखाना, मोडी कागद आणि शिलालेखांचे ठसे येतात. परंतु ज्यांच्या नावाचा एक चिठोराही कोणी जपला नाही, त्यांचा इतिहास लिहायचा कशावरून? या प्रश्नाचे एक उत्तर उर्मिला पवार यांच्या आयुष्यात सापडते. कथाकार, सरकारी कर्मचारी, तीन मुलांची आई आणि इतिहासकार, अशी ही वाट. तिचा मागोवा घेणारा हा धागा.

२/ जन्म १९४५चा, रत्नागिरी जिल्ह्यातील फणसवळे गावचा. वडील शिक्षक होते. मुलांनी शिकावे हा त्यांचा ध्यास. ते लवकर वारले आणि घर आईच्या हातांवर आले. ती बांबूच्या सुपल्या, टोपल्या विणून विकी. या वस्तूंना कोकणात ‘आयदान’ म्हणतात.

३/ शाळेत एका गुरुजींनी लहानग्या उर्मिलेला शेण काढायला लावले, वर मारलेही. आईने त्या गुरुजींना भर रस्त्यात गाठून जाब विचारला. पुन्हा ते काम तिच्या वाट्याला आले नाही. इतिहासाच्या कोणत्याही ग्रंथात अशा प्रसंगाला सहसा जागा मिळत नाही. मात्र दलित स्त्रीचा प्रतिकार कसा घडतो, हे त्या मुलीने घरातच पाहिले होते.

४/ लग्नानंतर मुंबई. सार्वजनिक बांधकाम विभागात नोकरी, घरी संसार आणि मुले. अशा धबडग्यात त्यांनी मराठीत एम.ए. केले, कथा लिहिल्या. ‘सहावं बोट’ हा कथासंग्रह १९८८मध्ये आला. घर सांभाळून शिकणे आणि सभांना जाणे पतीला नेहमीच रुचले नाही, हेही त्यांनी पुढे मोकळेपणाने लिहिले.

५/ १९८९मध्ये मीनाक्षी मून यांच्यासह त्यांचे ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले. विषय होता आंबेडकरी चळवळीतील स्त्रियांचा सहभाग. शीर्षकातील ‘ही’ हे अक्षर नीट वाचावे. दलितांना वगळणाऱ्या इतिहासाला ते जितके उद्देशून आहे, तितकेच स्त्रियांना मागच्या रांगेत बसवणाऱ्या चळवळीच्या इतिहासालाही.

६/ लेखी साधने तुटपुंजी होती. म्हणून जुन्या वृत्तपत्रांतील वृत्तांतांच्या जोडीला दोघींनी हयात कार्यकर्त्या स्त्रियांच्या मुलाखती घेतल्या. मौखिक इतिहास हा शब्द मराठीत फारसा रुळण्याआधीचे हे काम आहे. वंदना सोनाळकर यांनी केलेला त्याचा इंग्रजी अनुवाद २००८मध्ये आला.

७/ यातून काय हाती लागले? डिसेंबर १९२७मध्ये महाडला बाबासाहेबांचे भाषण ऐकून लुगडे नेसण्याची पद्धत बदलणाऱ्या स्त्रिया. डोक्यावरून ओझी वाहणाऱ्या आणि पुढे नागपुरात मुलींसाठी शाळा काढणाऱ्या जाईबाई चौधरी. सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली २० जुलै १९४२ला नागपुरात भरलेली महिला परिषद. तिने घटस्फोटाचा हक्क, बहुपत्नीत्वाला बंदी, मुलींची वसतिगृहे आणि कामगार स्त्रियांच्या रजा असे ठराव केले. हिंदू कोड बिलाचा वाद पेटण्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट.

८/ ‘आयदान’ हे आत्मकथन २००३मध्ये आले. आईचे विणणे आणि आपले लिहिणे यांची वीण एकच आहे, असे त्या मानतात. तरुण मुलाच्या मृत्यूचे दुःखही त्यात आहे. ते पचवताना त्यांना आपल्या आईचे जुने दुःख नव्याने उमगते. तिनेही कर्ता मुलगा गमावला होता, आणि विणणे थांबवले नव्हते. इतरांच्या मुलाखती घेणारी इतिहासकार येथे स्वतःच्या घरालाही तेच प्रश्न विचारते.

९/ मराठवाड्यासाठी या पद्धतीचे मोल मोठे आहे. २७ जुलै १९७८ला विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि गावोगावी दलित वस्त्यांवर हल्ले झाले. परभणी जिल्ह्यालाही त्याची झळ बसली. नामविस्तार झाला १४ जानेवारी १९९४ला. या सोळा वर्षांतील नेते, मोर्चे आणि ठराव यांची नोंद आहे. त्या काळात घर तगवणाऱ्या बायांची नोंद फार थोडी.

१०/ तेव्हा विशीत असलेल्या त्या स्त्रिया आज सत्तरीकडे झुकल्या आहेत. परभणी, गंगाखेड, जिंतूर, सेलू येथे ज्यांची आजी किंवा मावशी असेल, त्यांनी तिच्यापाशी बसावे. मोर्चाला गेलीस तेव्हा लेकरे कोणापाशी ठेवलीस? वस्तीत त्या रात्री जागे कोण राहिले? घोषणा कोणी शिकवल्या? ‘मी काय केलं, काहीच नाही’ असे ती आधी म्हणेल. तरीही वही मिटू नये.