बंदूक पहावी घेऊन

'घर पहावं बांधून आणि लग्न पहावं करून' असं आपल्याकडे म्हणतात. अमेरिकेत वीस-बावीस वर्षं काढल्यावर मी त्यात 'बंदूक पहावी घेऊन' अशी एक भर घालायला तयार आहे. ही तिसरी गोष्टही तितकाच वेळ, तितकाच पैसा आणि बायकोची तितकीच परवानगी मागते!

आमचं मॉरिसव्हिल म्हणजे शिकाऱ्यांचं गाव नव्हे. संध्याकाळी चर्च स्ट्रीट पार्कवर क्रिकेट चालू असतं आणि कढीपत्ता पाच मिनिटांच्या अंतरावर मिळतो. मंडळाच्या पॉटलकला गप्पा होतात त्या घराचे व्याजदर, मुलांची कॉलेजं आणि भारतवारीची तिकिटं यांच्या. अशा बैठकीत मी 'हरणाच्या शिकारीसाठी रायफल घेतोय' असं म्हटल्यावर क्षणभर पुऱ्या तळायच्या थांबल्या. एका वहिनींनी हळूच आमच्या हिला विचारलं, "घरी सगळं ठीक आहे ना?"

सगळं ठीक होतं. झालं असं, की चॅटम काउंटीत माझ्या एका सहकाऱ्याची वडिलोपार्जित शेती आहे. तिथलं सोयाबीन हरणं फस्त करतात. (आमच्या परसातली भेंडी आणि जास्वंदही करतात, पण त्याबद्दल काउंटीत कोणाला सहानुभूती नाही.) १९०० सालाच्या सुमारास अख्ख्या नॉर्थ कॅरोलायनात दहा हजारांच्या आसपास हरणं उरली होती, आज ती दहा लाखांच्या घरात आहेत. त्यांना खाणारे लांडगे आणि प्यूमा इथून केव्हाच संपले. म्हणजे ते काम आता माणसावर आलंय. सहकारी म्हणाला, "येत्या नोव्हेंबरात तूही ये."

माझ्या डोक्यात आजोबा आले. आमचं मूळ गाव सिंधुदुर्गातलं. आजोबांकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक होती. निवडणुका आल्या की ती पोलीस ठाण्यात जमा व्हायची आणि निकाल लागले की घरी परत यायची. त्यांना निवड अशी नव्हतीच. ठासणीची किंवा बारा बोअरची, आणि ऐपत असेल तर ईशापूरच्या सरकारी कारखान्याची .३१५ रायफल. .३०३ ही लष्कराची, म्हणून ती सामान्य माणसाला बंद. पण बंदूक कसलीही असो, आजोबांचा एक नियम होता. जखमी डुक्कर रानात सोडून जेवायला बसायचं नाही. एकदा ते आदल्या संध्याकाळी गेलेले दुसऱ्या दिवशी दुपारी परतले होते, ते काम पुरं करूनच. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकारीचा शौक संपला, आणि ते योग्यच झालं. नियम मात्र माझ्या मनात राहून गेला.

वीस वर्षांच्या नोकरीचा बोनस हातात आला होता. गृहमंत्र्यांनी पाच हजार डॉलर मंजूर केले, पण दोन अटींवर. बंदुकीआधी तिजोरी घरात आली पाहिजे, आणि तिची चावी किंवा आकडा मुलांना कळता कामा नये. ही अट कायद्यालाही धरून आहे. घरात अल्पवयीन मुलं असताना भरलेली बंदूक त्यांच्या हाती लागेल अशी ठेवली आणि त्यातून काही घडलं, तर या राज्यात मालकावर गुन्हा दाखल होतो.

कायद्याचंच निघालंय म्हणून नव्या मंडळींसाठी आणखी एक. ग्रीन कार्डवाल्यांना आणि नागरिकांना दुकानातून रायफल घेता येते, फॉर्म भरून आणि पार्श्वभूमीची तपासणी होऊन. एच-१ बी सारख्या व्हिसावर मात्र बंदूक बाळगायला सर्वसाधारणपणे बंदी आहे. शिकारीचा वैध परवाना असल्यास अपवाद आहे, पण तिथे मित्राचा नव्हे, वकिलाचा सल्ला घ्यावा.

आता बाजार. पाचशे डॉलरपासून सुरुवात होते आणि वर म्हणाल तर मर्सिडीजच्या किमतीपर्यंत जाता येतं. लंडनच्या रिग्बीचं नाव आपल्याला माहीत असतं ते जिम कॉर्बेटमुळे. १९०७ साली त्यानं ४३६ बळी घेतल्याचं सांगितलं जातं ती चंपावतची वाघीण मारली, आणि बक्षीस म्हणून त्याला .२७५ रिग्बी रायफल मिळाली. ती रायफल २०१५ साली रिग्बी कंपनीनं स्वतःच पुन्हा विकत घेतली. पण लक्षात घ्या, ती मिळाली वाघीण मेल्यावर! प्रत्यक्ष त्या दिवशी कॉर्बेटजवळची तिन्ही काडतुसं संपली आणि शेवटची गोळी त्यानं झाडली ती तहसीलदाराच्या हातातली जुनीपुराणी बंदूक घेऊन. कॅटलॉग चाळताना मी ही गोष्ट मुद्दाम आठवत असे.

मी इंजिनिअर, म्हणून एका रविवारी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. हरणाच्या छातीचा, म्हणजे हृदय-फुफ्फुसाचा भाग साधारण आठ इंच व्यासाचा. चांगली कारखान्यातली रायफल शंभर यार्डांवर एक इंचाच्या आत गोळ्या टाकते, फार महागडी अर्ध्या इंचात. माझ्यासारखा नवशिक्या उभ्यानं, आधाराशिवाय नेम धरतो तेव्हा त्याचा हात पाच इंच तरी फिरतो. एकमेकांशी संबंध नसलेल्या अशा त्रुटींच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढायचं, हे आपण कॉलेजात शिकलो. साध्या रायफलीनं उत्तर येतं ५.१० इंच, महागडीनं ५.०२. हजारो डॉलर जास्त मोजून नफा किती? एक इंचाचा बारावा-तेरावा भाग! तेच काठीचा आधार घेऊन आणि सराव करून हात दोन इंचांवर आणला, तर साध्या रायफलीचंही उत्तर येतं २.२४ इंच. तेव्हा पैसा ओतायचा तो सगळ्यात मोठ्या त्रुटीवर, आणि ती त्रुटी दुकानात नसून खांद्याच्या मागे उभी असते.

मग चांगली रायफल घ्यायचीच कशाला? कारण अचूकता सोडून बाकीच्या गोष्टी असतात, आणि तिथे पैसे सार्थकी लागतात. पहिली म्हणजे यंत्रणा. १८९८ च्या माउझरमध्ये पोलादाचा एक लांब पंजा आहे. काडतूस मॅगझिनमधून वर येतानाच तो त्याची कड पकडतो आणि झाडलेलं टरफल बाहेर फेकेपर्यंत सोडत नाही. १९३६ साली आलेल्या विंचेस्टर मॉडेल ७० मध्ये हाच पंजा होता. १९६४ मध्ये उत्पादनाचा खर्च कमी करण्यासाठी तो काढला, म्हणून '६४ च्या आधीची' मॉडेल ७० आजही लोक शोधत फिरतात. १९९० च्या दशकात पंजा परत आला. न्यू हेवनचा जुना कारखाना २००६ साली बंद पडला, तरी हे मॉडेल नव्यानं बनतं. तिची सेफ्टी तीन टप्प्यांची आहे. मधल्या टप्प्यावर चाप बंद ठेवून बोल्ट उघडता येतो आणि काडतूस काढता येतं. घरात मुलं असलेल्या माणसाला अक्रोडाच्या नक्षीपेक्षा हे जास्त सुंदर वाटतं.

दुसरी गोष्ट काडतूस. दुकानातला विक्रेता .३०० विंचेस्टर मॅग्नमकडे बोट दाखवत होता. इथली हरणं बरीचशी शंभर यार्डांच्या आत दिसतात, कारण झाडीच दाट आहे. त्यासाठी १९५२ सालचं .३०८ पुरून उरतं. मॅग्नमचा धक्का जवळपास दीडपट. धक्क्याची भीती बसली, की माणूस चाप दाबण्याआधीच डोळे मिटतो, आणि मग कुठलंही गणित उपयोगी पडत नाही. गोळ्या मी तांब्याच्या घेतल्या, कारण मटण घरी मुलं खाणार आणि शिशाचे कण मला त्यात नको होते.

तिसरी, आणि आपल्या लोकांसाठी सगळ्यात महत्त्वाची, म्हणजे माप. दस्त्याच्या मागच्या टोकापासून चापापर्यंतचं अंतर बहुधा साडेतेरा इंचांच्या जवळपास असतं, सरासरी अमेरिकन माणसाच्या हाताला धरून. मी पाच फूट सहा इंच. कोटाची बाही आखूड करून घेतो तसा दस्ता अर्धा इंच कापून घेतला. डोळे मिटून रायफल खांद्याला लावायची आणि डोळे उघडायचे. दुर्बिणीतून पूर्ण गोल चित्र दिसलं तर ती आपली. दिसण्यासाठी मान हलवावी लागली तर ती दुसऱ्याची!

माझा हिशेब असा झाला. अक्रोडाच्या दस्त्याची मॉडेल ७० सतराशे, दुर्बीण सातशे, तिजोरी नऊशे, सरावासाठी .२२ ची छोटी रायफल पाचशे, काडतुसं आणि रेंजची फी सातशे, कारागीर दीडशे, आणि परवाना, नारिंगी जाकीट, आधाराची काठी वगैरे साडेतीनशे. बरोबर पाच हजार. राज्याचा हंटर एज्युकेशनचा कोर्स फुकट आहे. साध्या दस्त्यावर चार-पाचशे वाचले असते, हे मान्य. ते मी वाचवले नाहीत. त्या लाकडाच्या रेषा पाहत बसायला मला आवडतं. शिवाय १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्यानुसार रायफली आणि काडतुसांवर जो अकरा टक्के कर लागतो, तो वन्यजीवांच्या कामासाठी राज्यांकडे जातो, एवढंच समाधान.

उन्हाळाभर दर शनिवारी रेंजवर गेलो. नोव्हेंबरात सहकाऱ्याच्या शेतातल्या मचाणावर बसलो. पहिल्या संध्याकाळी एक मोठा नर आला, दीडशे यार्डांवर, अंधुक उजेडात आणि तिरका उभा. माझ्या गणितात तो बसत नव्हता. सेफ्टी तशीच ठेवून मी त्याला जाऊ दिलं. तिसऱ्या दिवशी सकाळी एक मादी साठ यार्डांवर, आडवी उभी राहिली. एकच गोळी झाडली. ती चाळीस-पन्नास पावलं धावली आणि पडली. खाली उतरून तिच्याजवळ गेलो तेव्हा माझे गुडघे लटपटत होते. आनंद म्हणावा असं काही वाटलं नाही. शोधत हिंडावं लागलं नाही, याचा सुटकेचा निःश्वास मात्र टाकला. आजोबा असते तर त्यांनी गोळी कुठे लागली ते पाहिलं असतं आणि मान डोलावून पाणी मागितलं असतं.

मटण मालवणी मसाल्यात उत्तम होतं, फक्त चरबी कमी म्हणून तेल जरा सढळ हातानं घालावं. मुलानं दोनदा वाढून घेतलं. मुलीनं 'मी खाणार नाही' असं सांगितलं, आणि तिला वरणभात वाढला. दोघांचंही मला पटलं.

शाकाहारी वाचकांना इथवर आणलं याबद्दल त्यांचे आभार. ज्यांना खरंच रायफल घ्यायची आहे, त्यांनी आधी एखाद्या शनिवारी माझ्याबरोबर रेंजवर यावं, स्वतःचा हात किती इंच फिरतो ते मोजावं आणि मगच पाकीट उघडावं. कानाला लावायचे मफ मी देईन, चहाचा थर्मास मात्र तुम्ही आणायचा.