उंबऱ्याबाहेरचं पायताण

पंचगंगेचं पाणी जवळच्या समुद्राला पाठ दाखवून निघतं. तिची उपनदी कुंभी उगवते गगनबावड्याच्या अंगाला, सह्याद्रीच्या अगदी धारेवर. तिथून कोकण पायाशी दिसतं, तरी ती वळते पूर्वेला. चिखलीच्या प्रयागात बाकीच्या नद्यांना भेटते, नरसोबाच्या वाडीला कृष्णेत जाते आणि अख्खा दख्खन ओलांडून बंगालच्या उपसागराला मिळते. नदीच अशी, म्हणून कोल्हापूरकराला समुद्र ही घाट उतरून, चार दिवस राहून, सुकी मासळी घेऊन परत यायची जागा वाटते. पण करवीरच्या राज्याला एके काळी स्वतःचं बंदर होतं, आरमार होतं आणि समुद्रात एक बेट होतं. मालवण, तिथला सिंधुदुर्ग किल्ला आणि तो ज्यावर उभा आहे ते कुरटे बेट हे आपल्याच इतिहासाचं एक पान आहे. शिडाच्या बोटीने, हल्लीच्या भाषेत यॉटने, अशा बेटाच्या बंदरात जावं का आणि जावं तर कसं, हा प्रश्न त्यामुळे कोल्हापुरातून विचारायलाही हरकत नाही.

माझं म्हणणं असं आहे की जावं, जरूर जावं. पण यॉट हे पायताण समजून जावं. कितीही नामी कापशीचं, कितीही करकर वाजणारं असलं तरी पायताण उंबऱ्याच्या आत येत नाही. बेटाचं बंदर हा त्या गावाचा उंबरा आहे. तिथे शिरणं अवघड आहे म्हणून ते सोपं करावं, खोल करावं, यॉटसाठी धक्के बांधावेत, असं कुणी सुचवलं की मला ते उंबरा कापून दार रुंद करण्यासारखं वाटतं.

हा अवघडपणा किती विचारपूर्वक जपलेला आहे, ते सिंधुदुर्गाच्या दारातच दिसतं. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी किल्ल्याची मुहूर्तमेढ झाली आणि सुमारे तीन वर्षांत ४८ एकरांच्या खडकाळ बेटाभोवती तट उभा राहिला. पायात शिसं ओतलेलं. होडी जवळ येते तसा समोर नुसता तटच दिसतो, काळा, सलग, खालच्या अंगाला शेवाळलेला. दार कुठेच नाही. अगदी शेवटी दोन बुरूज एकमेकांआडून थोडे सरकल्यासारखे होतात आणि त्यांच्या मधली वळणाची वाट उघडते; ती वळली की मग दार. बाहेरच्या पाण्यातही तेच. भोवती बुडालेले खडक आहेत, काही सुकतीला डोकं वर काढणारे, काही कधीच न काढणारे. ते ज्याला पाठ आहेत तोच सुखरूप आत येतो. आणि एवढं सगळं करून आत गेलं की दूधबाव, साखरबाव, दहीबाव: खाऱ्या पाण्याने वेढलेल्या बेटावर गोड पाण्याच्या तीन विहिरी. या विहिरींची नावं ज्यांनी ठेवली त्यांनी किती मनापासून ते पाणी प्यायलं असेल!

या दाराचा अनुभव इंग्रजांनीही घेतला. १७६५ मध्ये त्यांनी किल्ला जिंकला आणि फोर्ट ऑगस्टस असं नाव दिलं. पण ठेवायचा तर खर्च परवडेना आणि तट पाडायचा तर पडेना. शेवटी करवीरच्या राणी जिजाबाईंशी बोलणी होऊन, पावणेचार लाखांहून जास्त रुपये घेऊन, त्यांनी तो परत केला. पुढे १८१२ च्या तहाने मालवण बंदर कायमचं त्यांच्याकडे गेलं आणि करवीरचा समुद्र संपला. किल्ल्यात राजाराम महाराजांनी बांधलेलं शिवराजेश्वराचं देऊळ आहे; त्याच्याशी कोल्हापूरच्या गादीचं नातं मात्र तहाच्या कागदाने तुटलं नाही. आजही काही कुटुंबं पिढीजात तटाच्या आत राहतात. किल्ला पाहायला येणाऱ्याने हे विसरू नये की तो कुणाच्या तरी घरात आलेला आहे.

यॉटने जावं, या माझ्या म्हणण्यावर पहिला आक्षेप येतो तो असा, की यॉट ही धनिकांची हौस. तिचा आपल्याला काय उपयोग? हे मला पुरतं पटत नाही. कमांडर दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये ज्या म्हादेईतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली, ती शिडाची बोट गोव्यातल्या दिवाडीला बांधलेली. दिवाडी म्हणजे मांडवीतलं बेट, जिथे आजही फेरीबोटीनेच जातात. अख्ख्या प्रदक्षिणेत चारच थांबे, त्यांतला एक फॉकलंड बेटांवरच्या छोट्या पोर्ट स्टॅन्लीचा. शिडाची बोट माणसाला वाट बघायला लावते. मतलई वारा कधी सुटेल, पाणी कधी भरेल, हे तिला विचारावंच लागतं. बेटाच्या गावात शिरण्याआधी अंगी यायला हवा तो गुण हाच. म्हणून मोटारबोटीने धडधडत येणाऱ्यापेक्षा शिडाने येणारा पाहुणा मला जवळचा वाटतो.

मात्र त्याच बोटीच्या तळाला एक खोल कणा असतो. शिडावर वारा भरला की बोट कलते. ती उलटू नये म्हणून हे जड पातं खाली पाण्यात उतरलेलं असतं. मालवणची होडी उथळ तळाची, खडकांवरून अलगद सरकणारी. यॉटला ते जमत नाही. तिला बाहेर नांगर टाकून थांबावं लागतं, आणि नांगराचीही एक गोष्ट आहे. नांगरलेली बोट एका जागी स्थिर राहत नाही. वारा फिरला, भरतीची सुकती झाली की ती नांगराभोवती फिरते आणि तिची लोखंडी साखळी समुद्राच्या तळावर झाडूसारखी ओढली जाते. वाळू असेल तर काही बिघडत नाही. पण सिंधुदुर्गाभोवती प्रवाळ आहे. १९८७ मध्ये इथे सागरी अभयारण्य जाहीर झालं, २९.१२ चौरस किलोमीटरचं, ते याच पाण्यातल्या जीवांसाठी. प्रवाळ अतिशय हळू वाढतं. साखळीचा एक फेरा त्याची कित्येक वर्षांची वाढ मोडून टाकतो. आणि यॉटसाठी बंदर खोल करायचं म्हणजे गाळ उपसायचा. तो गाळ पाण्यात पसरून खाली बसतो आणि प्रवाळाचा उजेड अडवतो.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे: पैसा. यॉट येतील तर गावात रोजगार येईल, मग अवघडपणाचं कौतुक पोट भरलेल्यांनी करावं. पण हा पैसा नेमका कुणाच्या हातात पडतो ते बघायला हवं. यॉट बाहेर थांबली तर पाहुण्याला आणायला स्थानिक होडीच जाते, तांडेल कमावतो, खानावळ कमावते. धक्के बांधले की पैसा धक्क्याच्या ठेकेदाराच्या गल्ल्यात पडतो आणि गावाला उरतो तिथला पहारा. शिवाय मालवणात दांडीच्या किनाऱ्यावर रापण अजून ओढली जाते. जाळं अर्धवर्तुळात टाकायचं, दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावरून माणसांनी ओढायचे, हाती लागेल ते वाटून घ्यायचं. तिला मोकळा किनारा लागतो आणि मोकळं उथळ पाणी. तिथे नांगरलेल्या बोटींची रांग उभी राहिली तर रापण टाकायची कुठे?

एक गोष्ट मात्र मान्य करायलाच हवी. बेटावर राहणाऱ्या माणसासाठी अवघडपणा हे दुखणं आहे. पावसाळ्यात प्रवासी होड्या बंद होतात. अशा वेळी आजारी माणसाला किनाऱ्यावर नेणं म्हणजे काय, हे त्यांनाच ठाऊक. त्यांच्यासाठी चांगला धक्का, भक्कम होडी, रात्रीचा दिवा हे सगळं व्हायला हवं, आणि पाहुण्यांच्या सोयीआधी व्हायला हवं. उंबरा घरच्यांना अडखळवत असेल तर तो किती उंच ठेवायचा हे घरच्यांनी ठरवावं. पाहुण्याने पायताण काढायचं की नाही, याचा त्याच्याशी संबंध नाही. उद्या कुणी गोव्याहून उत्तरेला जाताना मालवणला थांबणार असेल, तर त्याने वाळूच्या तळावर नांगर टाकावा, शिडं गुंडाळावीत आणि होडीची वाट बघावी. होडीवाला आधी पाणी बघेल, वारा बघेल, खडक उजवीकडे ठेवून वळेल. तो सांगेल तेव्हा उठायचं आणि तो सांगेल तिथेच पाय टाकायचा.