आधी ब्रेक, मग गिअर

गाडीची ताकद वाढवण्याआधी तिला थांबवण्याची सोय पाहावी. मिरजोळे एमआयडीसी ते कोल्हापूर अशा खेपा करणाऱ्या गाडीला तर हे जास्तच लागू. परतताना आंबा घाट उतरून साखरप्याला येईपर्यंत पाय ब्रेकवरच राहिला, की पॅड आणि लायनर तापतात. ती उष्णता ब्रेक ऑइलपर्यंत पोचते. हे तेल हवेतला ओलावा शोषतं, आणि कोकणच्या पावसाळ्यात ओलाव्याला काय तोटा! डॉट ३ प्रतीच्या कोऱ्या तेलाचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस. ओलावा शिरल्यावरची किमान मर्यादा १४०. डॉट ४चे हेच आकडे २३० आणि १५५. तेल उकळलं की नळीत वाफ धरते, वाफ दाबली जाते आणि पेडल नुसतंच खाली जातं.

म्हणून मोठी डिस्क, भारी कॅलिपर यांच्या आधी ताजं तेल, चांगले पॅड आणि खाऱ्या हवेनं गंजलेल्या नळ्यांची बदली. घाट खालच्या गिअरमध्ये उतरला तर यातलाही बराच खर्च वाचतो. ब्रेकमधली हवा घरी काढता येते. मात्र जोडीदार लागतो आणि गाडी नुसत्या जॅकवर नव्हे, स्टँडवर हवी.

क्लचचं काम गॅरेजचंच. गिअरबॉक्स उतरवलाच आहे तर प्लेटबरोबर प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंगही बदलावं, म्हणजे दुहेरी मजुरी पडत नाही. इंजिनच बदलायचं असेल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२नुसार आरटीओची मंजुरी लागते.