मागच्या सीटवरचे मत

आरामाची गाडी कोणती, या प्रश्नावर आमच्या मनमाडात दोन माणसांचे एकमत झालेले आम्ही अजून पाहिलेले नाही. स्टेशनबाहेरच्या चहाच्या टपरीवर पाच मिनिटे उभे राहा. एक म्हणतो, "गाडी कशी जीपसारखी दणकट पाहिजे. खड्डा तिला कळताच कामा नये." दुसरा म्हणतो, "अहो, खड्डा गाडीला नाही कळत, तो आमच्या कमरेला कळतो!" एकाला इंजिनाचा आवाज म्हणजे गाडीची ताकद वाटते, तर दुसऱ्याचे त्याच आवाजाने डोके उठते. दोघेही खोटे बोलत नाहीत. मग एकाच गाडीबद्दल अशी उलटसुलट मते का पडतात? वाचकहो, हे तपासून पाहण्यासारखे आहे. कारण आता आपल्या कष्टकरी घरांतही पतपेढीचे कर्ज काढून जुनी का होईना, सात-आठ माणसांची गाडी घेण्याच्या गोष्टी होऊ लागल्या आहेत.

आमच्या पिढीला गाडीचा आराम हा शब्दच ठाऊक नव्हता. येवल्याला मुक्तिभूमीवर जायचे असो, नांदगावला तहसील कचेरीत जायचे असो, की मालेगावला लग्नाला, काळी-पिवळी जीप हीच आपली गाडी. मागे समोरासमोर दोन बाके, गुडघ्याला गुडघा लागलेला, वर रेक्झिनचे छत फडफडते आहे आणि धूळ नाकातोंडात. जागा मिळाली हाच आराम! १९९४ साली टाटांची सुमो आली. २००० साली क्वालिस आणि बोलेरो आल्या. २००२ साली तर आपल्या नाशिकच्याच कारखान्यातून स्कॉर्पिओ बाहेर पडली. पुढे २०१२ साली अर्टिगा आली. यांतल्या सुमो आणि क्वालिस आता नव्या मिळत नाहीत, पण रस्त्यावर अजून दिसतात आणि जुन्या बाजारात विकल्याही जातात.

या गाड्यांत मूळ भेद आहे तो बांधणीचा. सुमो, क्वालिस, बोलेरो, स्कॉर्पिओ या चासीवर बांधलेल्या गाड्या. ट्रकसारखी खाली लोखंडी चासी आणि तिच्यावर वेगळी बॉडी बसविलेली. अर्टिगाला अशी वेगळी चासी नाही. तिचा सांगाडा आणि बॉडी मोटारकारसारखी एकजीव असते. सुमो, क्वालिस आणि बोलेरो यांच्या मागच्या चाकांना पाटे असतात. पाटे ओझ्यासाठी उत्तम. गाडी भरली की ते दबतात आणि चाल बरी होते. पण गाडी रिकामी असली की तेच पाटे मागच्या माणसाला उडवितात. म्हणून दोन माणसे बसवून चक्कर मारणाऱ्याचे मत आणि आठ माणसे घेऊन लग्नाला जाणाऱ्याचे मत एक येत नाही.

शरीराचाही एक हिशेब आहे. सेकंदाला चार ते आठ वेळा बसणारे हादरे बसलेल्या माणसाच्या शरीराला सर्वांत जास्त जाणवतात. याउलट गाडी फार मऊ असली आणि सावकाश डुलू लागली, तर कंबर वाचते पण पोट ढवळते. म्हणजे "कडक गाडीने पाठ गेली" म्हणणाराही खरा आणि "मऊ गाडीत उलटी होते" म्हणणाराही खरा. आवाजाचेही तसेच. पुढे बसणाऱ्याला डिझेल इंजिनाची खडखड ऐकू येते, तर मागे बसणाऱ्याच्या वाट्याला टायरची घरघर आणि पत्र्याचा खडखडाट येतो. सिमेंटच्या रस्त्यावर टायरची घरघर बहुधा डांबरापेक्षा जास्त.

हे सारे आम्ही शोधून काढले ते आमच्या धाकट्या बंधूंमुळे. ते रेल्वेच्या पुलांचे गर्डर बनविणाऱ्या येथल्या कारखान्यात कामाला आहेत. त्यांनी पाट्यांची एक जुनी गाडी पसंत केली आणि कर्जाचे कागद घेऊन आमच्याकडे आले. आम्ही पडलो कारकून. हप्ता, विमा, टायर, डिझेल असा महिन्याचा खर्च मांडून दिला. तो कसाबसा बसत होता. "गाडी कशी आहे?" विचारले तर म्हणाले, "दादा, एकदम आरामशीर. आवाज तर जाणवतच नाही." दिवसभर लोखंडावर घण ऐकणाऱ्या कानांना गाडीचा आवाज तो काय जाणवणार? शिवाय त्यांनी ती पाहिली होती स्टिअरिंगवर बसून.

आमच्या मनात मात्र आईचा विचार होता. मागे एकदा भाड्याच्या गाडीने आम्ही सारे छत्रपती संभाजीनगरला लग्नाला गेलो होतो. पुढे पुरुषमंडळी, मधे पाहुणे आणि सगळ्यात मागे आडव्या बाकांवर आई, बायका आणि मुले. परत आल्यावर आई चार दिवस अंथरुणाला खिळली. तेव्हापासून कुठले बोलावणे आले की ती म्हणायची, "माझं काय, तुम्ही जाऊन या." आम्ही समजत होतो, वयामुळे तिचे मन उठले. खरे कारण आमच्या पत्नीने सांगितले, "अहो, आईंना लग्नाला यायचंय. त्यांना मागच्या बाकावर बसायचं नाहीये."

मागच्या चाकांच्या डोक्यावरच ते बाक असते, म्हणून प्रत्येक गचका सरळ मणक्यात जातो. त्यात तोंड रस्त्याकडे नसून बाजूला. कानातला तोल सांगतो गाडी पुढे चालली आहे, डोळ्यांसमोर मात्र दुसऱ्याचे गुडघे. म्हणून तिथे मळमळतेही लवकर. आणि घरोघरी त्या जागी कोण बसते? जिला कोणी विचारत नाही ती.

मग आम्ही बंधूंना म्हणालो, कर्जाच्या कागदावर सही नंतर करा, आधी सगळे घर गाडीत बसवा. तसेच केले. मालेगाव रस्त्याला सात माणसे घेऊन निघालो आणि थोड्या थोड्या अंतरावर जागा बदलल्या. बंधूंना मागच्या बाकावर बसविले. पहिल्या दोन गतिरोधकांतच त्यांचे बोलणे थांबले. आई मधल्या सीटवर खिडकीशी बसली आणि म्हणाली, "इथं बरं आहे." भावजयीचे मत निराळेच पडले. त्यांना मऊ, डुलणारी गाडी मुळीच सोसत नाही. ही कडक गाडीच त्यांना बरी वाटली. मुलांना मागे मजा वाटली, पण गाणे ऐकू येईना अशी तक्रार. चाकांतली हवा पाहिली तर ठरल्यापेक्षा बरीच जास्त भरलेली निघाली. दाराच्या चौकटीवरच्या कागदात लिहिली होती तेवढी ठेवल्यावर गचके थोडे कमी झाले.

एकमत झाले नाही. बंधूंच्या सासरच्या शेताची वाट कच्ची, म्हणून उंच आणि दणकट गाडी हवी हे त्यांचे म्हणणेही रास्त होते. गाडी तीच घ्यायची ठरली. पण दोन अटींवर. मधल्या सीटवरची खिडकीची जागा आईची, आणि मागच्या बाकावर पाळीपाळीने सर्वांनी बसायचे, पुरुषांनीही.

गाडी घेणाऱ्या बंधू-भगिनींना आमचे एवढेच सांगणे. जाणकारांचे ऐका, मेकॅनिकला दाखवा, हप्त्याचा हिशेब चोख करा. पण निर्णय करण्याआधी भरल्या गाडीने पाच-दहा मैल जा आणि मागच्या बाकावर बसणाऱ्या माणसाला विचारा. पैसे भरणाऱ्याला गाडी समोरून दिसते. ती खरी कशी आहे हे मागे बसणारीच सांगू शकते. तिचे मत घरात मोजले जाते की नाही, यावर गाडीचाच नव्हे, घराचाही आराम अवलंबून असतो.