‘हर’ आणि ‘द’

बारावीच्या ‘फ्लेमिंगो’ या इंग्रजी पाठ्यपुस्तकातला पहिलाच धडा मुळात इंग्रजी नाही. तो आल्फाँस दोदे या फ्रेंच लेखकाचा. १८७१ साली फ्रान्स हरला, अल्सास जर्मनांच्या हाती गेलं, बर्लिनहून फर्मान निघालं की यापुढे शाळांत जर्मनच शिकवायची, आणि हामेल मास्तर फ्रेंचचा अखेरचा तास घेतात. गोष्ट गलबलून टाकणारी आहे. पण रायपूरच्या वर्गात ती कशी पोचते ते पाहण्यासारखं आहे : फ्रेंचच्या प्रेमाची गोष्ट, वाचायची इंग्रजीत, भावार्थ समजून घ्यायचा हिंदीत, आणि ऐकणारा मुलगा घरी बोलतो छत्तीसगढी, नाहीतर मराठी. शिवाय दोदेनं एक गोष्ट सोयीनं गाळली आहे. अल्सासच्या खेड्यांत घरोघरी बोलली जायची ती अल्सेशियन, जर्मन कुळातली बोली. छोट्या फ्रान्झची फ्रेंच कच्ची का, तर तो पक्ष्यांची अंडी शोधत भटकायचा म्हणून, असं गोष्ट सांगते. ती त्याच्या घरची भाषाच नसेल, ही शंका तिथे कुणाला येत नाही.

आपल्या इंग्रजीच्या तासालाही ती येत नाही. मूल कोरी पाटी घेऊन आलंय असं धरूनच शिकवणं सुरू होतं. माझ्या मते रायपूरसारख्या शहरात इंग्रजी शिकवायचं सगळ्यात चांगलं साधन म्हणजे मुलाच्या घरची भाषा, आणि नेमकी तीच आपण चपलांसारखी वर्गाबाहेर काढून ठेवायला लावतो. पुरावा व्याकरणातच आहे. इंग्रजीतली ‘अ’ आणि ‘द’ ही उपपदं मराठी-हिंदी घरांतल्या मुलांना दहावी झाली तरी छळतात, कारण ‘द’च्या जोडीचं आपल्याकडे काही नाही. छत्तीसगढीत आहे. ‘टूरा’ म्हणजे मुलगा. ‘टूरा हर’ म्हटलं की तो ठरलेला, ज्याच्याविषयी बोलणं चाललंय तो मुलगा. हा ‘हर’ नामाच्या मागून येतो आणि ‘द’ची सगळी कामं करत नाही, पण बोट धरायला पुरेसा आहे. दुसरं पाहा. मराठीत मुलगा जातो, मुलगी जाते. हिंदीतही क्रियापद तसंच बदलतं. छत्तीसगढीत टूरा आणि टूरी दोघंही ‘जावत हे’, अगदी इंग्रजीसारखं. हिंदीच्या तासाला लिंगाच्या चुकांपायी ज्याचं हसं होतं, ते खेड्यातलं पोर इंग्रजीच्या या दारातून सरळ आत जाऊ शकतं. दार दाखवणारं कुणी हवं. धमतरीच्या शाळेत हेडमास्तर असलेल्या हीरालाल काव्योपाध्याय यांनी १८८५ मध्येच छत्तीसगढीचं व्याकरण लिहिलं. भाषाशास्त्रज्ञ ग्रियर्सननं ते इंग्रजीत आणलं आणि १८९० मध्ये बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात ते छापून आलं. शाळामास्तराचं काम विद्वानांच्या कपाटात गेलं. त्याचं एखादं पान इंग्रजीच्या मास्तरांच्या टेबलावरही असायला हवं.

यावर पहिला आक्षेप पालकांचा : हे कौतुक ठेवा, आम्हाला पोराची नोकरी बघायची आहे. त्यांना हसण्यात अर्थ नाही. छत्तीसगढ सरकारनं २०२० मध्ये स्वामी आत्मानंदांच्या नावानं सरकारी इंग्रजी शाळा सुरू केल्या, तिथे प्रवेशासाठी सोडत काढावी लागते. ही ओढ खरी आहे, आणि फी भरणाऱ्यांच्या पोरांना मिळतं ते आपल्यालाही मिळावं ही मागणी रास्त आहे. पण माध्यम इंग्रजी झालं म्हणजे इंग्रजी आली असं होत नाही. प्रकाशसंश्लेषणाची इंग्रजी व्याख्या घडाघडा म्हणणाऱ्या मुलीला आज उशीर का झाला हे दोन वाक्यांत सांगता येत नसेल, तर मुलाखतीत ती व्याख्या काय कामाची? दुसरा आक्षेप शिक्षकांचा : घरची भाषा आत घेतली की ती कुबडी होते, मूल जन्मभर मनात भाषांतर करत बसतं. गाइडछाप शिकवण्याला हे लागू पडतं. पुस्तकात प्रत्येक शब्दाच्या डोक्यावर पेन्सिलीनं हिंदी अर्थ लिहिलेला असतो, त्या पद्धतीची वकिली मी करत नाही. दोन वाक्यं शेजारी-शेजारी ठेवून कुठे जुळतं, कुठे फाटतं हे पाहणं निराळं. खरा अवघड आक्षेप तिसरा आहे : एका वर्गात चार-पाच घरभाषा, आणि मास्तरांना त्यातल्या दोनच येतात. पण मास्तरांना कुठे यायला हव्यात? मुलांना येतात की. विचारायला पाच मिनिटं लागतात, आणि एकदा तरी मास्तर ऐकतात नि मुलं शिकवतात.

इथल्या मराठीला हा व्यवहार नवा नाही. १७५८ मध्ये नागपूरकर बिंबाजी भोसले रतनपुरात आले, तेव्हापासून ती इथल्या बोलींच्या शेजारी नांदते आहे. रायपूरच्या सरकारी शाळेत शिकलेल्या माधवराव सप्रे यांच्या घरची भाषा मराठी. त्यांनी १९०० साली पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ मित्र’ काढलं ते हिंदीत, आणि पुढे दासबोध व गीतारहस्य हिंदीत नेलं. घरची भाषा त्यांना आड आली नाही, तिच्याच भांडवलावर त्यांनी दुकान मांडलं. ‘फ्लेमिंगो’तल्या त्या धड्याखाली भाषिक अल्पसंख्याकांवर एक प्रश्न आहे : मुंबईतले तमिळ, दिल्लीतले कन्नडिग, कोलकात्यातले गुजराती आपली भाषा कशी टिकवतील? रायपूरचे मराठी त्या यादीत नाहीत. असो, सवय आहे. मात्र त्या दिवशी घरी गेल्यावर फ्रान्झनं हे सगळं आईला कोणत्या भाषेत सांगितलं असेल, हा प्रश्न तिथे नाही. दोन गुणांना विचारायला हरकत नव्हती.