नावं बदललेलं बेट

केकच्या मिश्रणात आपण झाकणानं मोजून व्हॅनिला इसेन्स घालतो ना, त्या व्हॅनिलाचा खराखुरा वेल मी गेल्या दिवाळीच्या सुट्टीत पाहिला. (आपल्या बाटलीतला अर्क बहुधा कारखान्यातलाच असतो, ही गोष्ट वेगळी!)

माझी थोरली ताई मॉरिशसला असते. तिच्याकडे जायचं ठरलं तेव्हा ह्यांनीच सुचवलं, "एवढ्या लांब जातेच आहेस तर शेजारचं बेटही बघून ये." शेजारचं बेट म्हणजे रेयुनियों. मॉरिशसहून विमानानं जेमतेम पाऊण तास. उतरल्यावर मात्र एकदम फ्रान्स! पैसे युरोत, पोस्टाच्या पेट्या पिवळ्या, शाळेवर त्यांचा तिरंगा. पॅरिस इथून नऊ हजार किलोमीटरांहून दूर, तरी १९४६ सालापासून हा फ्रान्सचा रीतसर जिल्हा आहे. तिकडे जिल्ह्यांना नंबर असतात, ह्याचा ९७४. पोरांच्या टी-शर्टांवरसुद्धा तो मिरवतात. मी शाळेत अर्धवेळ भूगोल शिकवते, पण हे मलाही धड ठाऊक नव्हतं. कबूल करायला लाज कसली!

बेट तसं लहान, अडीच हजार चौरस किलोमीटरांचं, पण सगळं उभं चढाचं. मधोमध ३,०७० मीटरांचं शिखर, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या जवळजवळ दुप्पट. आग्नेयेला जागा ज्वालामुखी. पावसाचं म्हणाल तर जानेवारी १९६६ मध्ये इथल्या फॉक-फॉक नावाच्या जागी चोवीस तासांत १,८२५ मिलिमीटर पडला. २६ जुलै २००५ ला मुंबई बुडाली त्या दिवशी सांताक्रूझला पडला होता ९४४. आता करा कल्पना! डोंगरांच्या कुशीत माफात नावाचं खोरं आहे, तिथे आजही मोटारीचा रस्ता नाही. जायचं तर पायी, नाहीतर हेलिकॉप्टरनं. मालकांकडून पळालेले गुलाम पूर्वी तिथे लपून राहत. माफात हे त्यांच्यातल्याच एका म्होरक्याचं नाव म्हणतात.

बेटाचं स्वतःचं नाव किती वेळा बदललं सांगू? आधी इथे माणूसवस्ती नव्हती. सतराव्या शतकात फ्रेंचांनी ताबा घेतला आणि राजघराण्यावरून बूर्बों नाव ठेवलं. राज्यक्रांती झाली, राजा गेला. १७९३ मध्ये रेयुनियों केलं. मग नेपोलियनच्या कौतुकानं बोनापार्त. मग पुन्हा बूर्बों. आणि १८४८ पासून परत रेयुनियों. बेटाला विचारतो कोण! माणसांनाही कुठे विचारलं होतं?

सेंत-स्युझान गावाजवळच्या बागेत एका बाईंनी आम्हाला व्हॅनिलाचं फूल दाखवलं. फिकट हिरवट, सकाळी उमलतं आणि त्याच दिवशी मिटतं. वेल मूळचा मेक्सिकोचा. इथे आणून लावला तर छान पसरला, पण शेंगा धरीना, कारण तिकडची मधमाशी इथे नव्हती. शेंगा धरवायची सोपी रीत १८४१ मध्ये इथल्या एका बारा वर्षांच्या गुलाम मुलानं करून दाखवली. एडमंड त्याचं नाव. जन्मतःच आई गेलेली. फुलातला पडदा बांबूच्या काडीनं उचलायचा आणि अंगठ्यानं हलकेच दाबायचं, एवढीच युक्ती. आजही तस्संच करतात, एकेक फूल हातानं. मी हौसेनं काडी घेतली आणि दोन फुलं वाया घालवली! शेंग तयार व्हायला किती दिवस लागतात, असं विचारलं तर बाईंनी हसत पोटावर हात ठेवला आणि नऊ बोटं दाखवली. पुढे शेंगा गरम पाण्यातून काढायच्या, घोंगडीत गुंडाळायच्या, उन्हं दाखवायची, महिनोन्‌महिने पेटीत मुरवायच्या. पापड-सांडग्यांचं कौतुक सांगणाऱ्या आपण, हे ऐकून गप्पच बसावं.

एडमंडला आडनाव नव्हतं. डिसेंबर १८४८ मध्ये गुलामगिरी संपली, साठ हजारांवर माणसं मोकळी झाली आणि कचेरीतून प्रत्येकाला एकेक आडनाव मिळालं. त्याला मिळालं आल्बियुस. लॅटिनमधल्या 'पांढरा' ह्या शब्दावरून आलंय म्हणतात. काळ्या पोराला पांढरं आडनाव! बेटाला श्रीमंत करणारा हा माणूस १८८० मध्ये गरिबीतच गेला.

गुलाम गेले, ऊस राहिला. मग पाच-पाच वर्षांच्या करारावर आपल्याकडची माणसं नेली, पाँडिचेरी, कारिकल, मद्रासहून. एकोणिसाव्या शतकात लाखाच्या वर. बहुतेक तमिळ, पण तिथे सगळे 'मालबार'. नोंदवहीत जे एकच नाव लिहिलं गेलं तेच पुढे घराण्याचं आडनाव झालं. म्हणून आज पोरांचं नाव फ्रेंच आणि आडनाव रामासामी!

ताईच्या ओळखीच्या अशाच एका बाईंकडे, सेंत-आंद्रेला, आम्ही जेवलो. घरात शिरताच फोडणीचा वास आला आणि मला घरची आठवण झाली. भात, उसळीसारखी घेवड्याची आमटी, शेवग्याच्या पाल्याची भाजी, टोमॅटो-मिरचीचा ठेचा. कढीपत्त्याला त्या 'कालुपिले' म्हणतात. तमिळ करुवेप्पिलैचंच ते रूप. पण तमिळ येतं का म्हटलं तर मान हलवली. पणजीची भाषा तेवढ्या पाल्यापुरती उरलेली.

जेवणानंतर त्या बोलत्या झाल्या. ताई फ्रेंचमधून मला सांगत होती. त्यांच्या लहानपणी वस्तीत सरकारी मोटार आली की आया मुलांना आत ओढून घेत. १९६२ ते १९८४ ह्या काळात इथली २,०१५ मुलं फ्रान्सला नेली गेली, पुष्कळशी क्रूझसारख्या ओस पडत चाललेल्या जिल्ह्यांत. शिकतील, सुट्टीत परत येतील, असं आयांना सांगितलं. लिहितावाचता न येणाऱ्या बायकांनी कागदावर अंगठे उठवले. कित्येक मुलं शेतांवर राबली, कित्येकांना आई दिसली नाही. दत्तक गेली त्यांची आडनावंही बदलली. २०१४ मध्ये फ्रान्सच्या संसदेनं सरकारची नैतिक जबाबदारी ठराव करून मान्य केली. "पन्नास वर्षांनी," बाई म्हणाल्या आणि टेबल पुसत राहिल्या.

निघताना त्यांनी मला नाव विचारलं. मी सांगितलं, तेवढ्यात ताईनं सवयीनं माहेरच्या नावानं हाक मारली. बाई गोंधळल्या. मग आम्ही त्यांना सगळं समजावलं: लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीनं नवं नाव लिहितात, आमच्या सासरी ती हौस होती. सगळे टाळ्या वाजवत होते, मीही हसत होते. "आणि तुला विचारलं होतं?" त्यांनी अगदी सहज म्हटलं. ताई माझ्याकडे बघू लागली. मला काही पटकन सुचेना.

त्यांनी पाहुण्यांची वही पुढे केली. मी आधी माहेरचं नाव लिहिलं, मग त्याखाली सासरचं.